नानांच्या वह्या वाचणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फाळणीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, चांगला होता, पण त्यात ओळीओळीला 'निर्वासित' वाचून मला माझे नाना आठवले, कारण या शब्दावर ते जाम चिडायचे. नाना म्हणजे आईचे वडील, सिंधी, शिकारपूरचे. बाबांकडून आम्ही मराठी. कोणी निर्वासित म्हटलं की नानांचं ठरलेलं उत्तर, "अरे देश सरकला, आम्ही त्याच्या मागे आलो."

जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, तोवर बरेच जण थांबून बघू म्हणत होते, पण त्यानंतर बोटी भरभरून मुंबईला यायला लागल्या. त्यातल्याच एकीत नाना, वय १७, सोबत त्यांची आई आणि एक पत्र्याची ट्रंक. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत, जिचं १९४९ ला उल्हासनगर झालं, तिथे बराकीत गोणपाटाचे पडदे लावून एकेक कुटुंब राहायचं, पडद्यापलीकडे कोणी कूस बदलली तरी कळायचं म्हणे. नाना लोकलमध्ये पेन्सिली नि पिना विकायचे. पुढे दुकान वगैरे झालं, ती स्टोरी सगळ्यांची सारखीच, तुम्ही छापलीच आहे. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक मी शाळेत इतक्यांदा ऐकलाय की डोकं फिरायचं, आणि नाना मात्र तो स्वतःच गिऱ्हाइकांना सांगायचे!

पण मला लिहायचंय ते ट्रंकेबद्दल. नाना गेल्यावर खोली आवरताना त्यात १४ वह्या निघाल्या. मामा रद्दीत द्यायला निघालेच होते, म्हणाले वाचता कोणाला येतंय. मामांना काय बोलणार, खरंच कोणालाच येत नाही. आई सिंधी फडाफडा बोलते, पण लिपी अरबी वळणाची, उजवीकडून डावीकडे, ५२ अक्षरं, इंग्रजांच्या काळात १८५३ मध्ये ठरलेली, ती आईपर्यंत पोचलीच नाही आणि माझा तर प्रश्नच नाही. नाना मात्र भाषेच्या बाबतीत हळवे. १९६७ मध्ये सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, तरी नोटेवर त्या १५ भाषांची पट्टी असते ना, त्यात सिंधी नाही. नवी नोट आली की आधी तिथे बघायचे, मग खिशात.

तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या एक आजी, वय ८६, त्यांना ती लिपी येते. त्यांना बोलावलं. पहिली वही उघडली, चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक शब्द वाचायला लागल्या आणि थांबल्याच. म्हणे ही सिंधी नाहीये, मला काही कळत नाही. आई म्हणाली तरी वाचा. त्यांनी वाचलं, "उदारी... बंद... आहे. उद्या... या. सुट्टे... नाहीत." आई आधी हसायला लागली आणि मग रडायलाच लागली. अहो ती मराठी होती! नानांनी लोकलमध्ये कानावर पडलेली मराठी आपल्या लिपीत उतरवून ठेवली होती, पानंच्या पानं. एका पानावर नुसतं 'वेल नाही, वेल नाही' असं कितीतरी वेळा. त्या लिपीत ळ नाही आणि नानांच्या तोंडातही तो शेवटपर्यंत आला नाही, शाळेला शालाच म्हणायचे. आम्ही हसायचो. मग ते आम्हाला सिंधीतले श्वास आत ओढून काढायचे चार उच्चार करायला लावायचे, त्यातला एक कोणाला जमेल तर शप्पथ, आणि मग ते हसायचे.

या आजी गुरुवारी तासभर येतात, डोळे दुखतात त्यांचे, आतापर्यंत तीनच वह्या झाल्यात. उरलेल्यांतल्या दोन तर नानांच्या वडिलांच्या हिशेबाच्या आहेत, त्या वाणिका म्हणजे सिंधी व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीत, आपल्या मोडीसारखं प्रकरण, त्यात काना-मात्रा जवळपास नाहीतच, ती आजींनाही येत नाही. मोडीचे वर्ग जागोजागी चालतात, तसा महिनाभराचा वर्ग एखाद्या कॉलेजने किंवा लायब्ररीने या दोन लिप्यांसाठी घेतला तर मी पहिल्या बाकावर बसेन. तुमच्या वाचकांत वाणिका वाचणारं कोणी असेल तर प्लीज तुमच्यामार्फत कळवा. आणि ज्यांच्या माळ्यावर अशा वह्या पडून आहेत त्यांनी रद्दीवाल्याला फोन करायच्या आधी निदान मोबाईलवर फोटो तरी काढून ठेवा, मी १४ च्या १४ चे काढलेत, फक्त पान नंबर टाकायला विसरले त्यामुळे आता परत काढतेय.

आपली,
एक वाचक