तुझी कॅसेट सापडली

ठाकूरद्वार, मुंबई
रविवार, रात्री उशिरा

प्रिय विन्या,

तुझी कॅसेट सापडली.

हे एक वाक्य कसं लिहावं या विचारात आठ दिवस गेले. शेवटी आहे तसं लिहून टाकलं. कुठली कॅसेट ते सांगायला नको. जी मी 1993 साली लोकलच्या रॅकवर विसरलो, जिच्यापायी तू दिवाळी ते होळी माझ्याशी बोलला नाहीस, जिच्या बदल्यात मी सायकल देऊ केली आणि तू म्हणालास, "तुझ्या सायकलला घंटा तरी आहे का?" ती, एसी/डीसी बॅंडची 'बॅक इन ब्लॅक'. ती लोकलमध्ये कधी चढलीच नव्हती. आमच्या माळ्यावर, अण्णांच्या भाडेकरू संघाच्या ट्रंकेत पडून होती. ट्रंकेचं मला ठाऊक नव्हतं, पण लोकलची गोष्ट खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण ती मीच रचली होती.

आता शिव्या दे. मग पुढे वाच.

तब्येत ठीक. साखर जिथे होती तिथेच. वहिनींचा गुडघा कसा आहे? लेकीचं ठरल्याचं पक्याकडून कळलं, फार बरं वाटलं, मुलाचं सविस्तर कळव. दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही, नुसती गणपतीची चित्रं पाठवत राहिलो, ते पोटात घाल.

तर झालंय असं की चाळ जाणार. हो, हो, माहितीये, आपण चौथीत होतो तेव्हापासून जाणार आहे. पण या वेळी खरंच. सह्या झाल्या, नकाशे आले, आता कुणाकुणाला घर द्यायचं ती यादी म्हाडाकडे जायची आहे. जितके भाडेकरू तितकी घरं, प्रत्येकी कमीत कमी 300 चौरस फूट. आणि जून 1996 नंतर खोली वाटून वेगळं केलेलं बिऱ्हाड धरत नाहीत, तेव्हा आता कुणी नव्याने भिंत घालून शहाणपणा करायचा नाही. आमच्या खोल्या तुला आठवतातच. 14, जिथे आपण अभ्यासाच्या नावाखाली लोळायचो, आणि 15, जी कोपऱ्यातल्या आजी गेल्यावर अण्णांनी पागडीने घेतली. दोन दारं, दोन मोऱ्या, दोन मीटर. पावती मात्र एक. त्यावर 'खोली क्र. 14-15'. बिल्डरच्या माणसाने त्या दोन आकड्यांमधल्या आडव्या रेघेवर पेन ठेवलं आणि म्हणाला, "काका, एका पावतीत दोन खोल्या लिहिल्या म्हणून दोन भाडेकरू होत नाहीत."

विन्या, मला सगळ्या कमिटीसमोर हसू फुटलं. ही बघत राहिली. आमच्या धाकट्या नंदूला वाटलं माझं डोकं फिरलं. अरे, ते वाक्य माझं आहे! "एका पाकिटात दोन तबकड्या घातल्या म्हणून दोन अल्बम होत नाहीत." सगळ्यात जास्त खपलेला अल्बम कुठला, या आपल्या तिघांच्या वादाच्या वहीतला नियम पहिला, तुझ्या अक्षरात, खाली तिघांच्या सह्या. वही असेलच तुझ्याकडे. नसली तरी मला पाठ आहे.

पक्या तेव्हा पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'चा भक्त. अमेरिकेतली ती प्लॅटिनम वाटणारी संस्था दोन तबकड्यांचा संच विकला की दोन धरते, म्हणून आज कागदावर 'द वॉल' 23 वेळा प्लॅटिनम. प्लॅटिनम म्हणजे दहा लाख. पण घराघरात पोचलेले संच मोजले तर 1 कोटी 15 लाख! बीटल्सच्या पांढऱ्या अल्बमचंही तेच, 24 लिहायचे आणि 12 समजायचे. मी कठड्यावर उभा राहून ओरडलो होतो, ही फसवणूक आहे, जोडप्याला एकच रेशनकार्ड मिळतं! तू टाळ्या वाजवल्यास. पक्या चिडून ईगल्स बॅंडच्या पक्षात गेला तो आजतागायत तिथेच आहे. 2018 च्या ऑगस्टमध्ये ईगल्सचा तो पहिला 'ग्रेटेस्ट हिट्स' 38 वेळा प्लॅटिनम होऊन मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या पुढे गेला, तेव्हा या गृहस्थाने मला रात्री अडीचला उठवलं. मी त्याला तेच सांगितलं जे नेहमी सांगतो, आधीच्या चार अल्बमांतली गाणी उचलून केलेली ती फोडणीची पोळी आहे. चवीला उत्तम, पण तिला आजचा स्वयंपाक म्हणायचं नाही.

आणि आता मीच वकिलासमोर बसून सांगतोय, साहेब, रेघेकडे बघू नका, दोन मोजा.

माझं पिंक फ्लॉइडच्याच 'डार्क साइड'चं मत बदललेलं नाही, हे मध्येच सांगून ठेवतो, नाहीतर तू या पत्राचा गैरफायदा घेशील. 1973 ते 1988, बिलबोर्डच्या यादीत 741 आठवडे. एका दिवाळीत फटाक्यासारखं खपणं वेगळं आणि पंधरा वर्षं रोजच्या दुधासारखं घरोघरी जाणं वेगळं. तुझ्या 'बॅक इन ब्लॅक'चं जगभरात 5 कोटी म्हणतात. पण अमेरिकेत नोंद आहे ती 2019 पर्यंत अडीच कोटींची. उरलेले अडीच कोटी कुठे बसून मोजले, हा माझा प्रश्न होता आणि आहे. त्यावर तू काय बोलला होतास आठवतं? त्यांचा गायक फेब्रुवारीत गेला, जुलैत नवा गायक घेऊन अल्बम आला, पाकीट काळंठिक्कर, आणि तू सुतकात मोजामोज करायला लाजही वाटत नाही का असं मला विचारलं होतंस. उत्तर नव्हतं तुझ्याकडे, म्हणून सुतक काढलंस!

तशी ती नोंदसुद्धा कसली? कारखान्यातून दुकानात गेलेला माल. माणसाने तो ऐकला की दुकानाच्या माळ्यावर पडला, कुणी बघत नाही. आता तर 1500 वेळा गाणी वाजली की एक अल्बम धरतात. आमच्या लेकीने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, म्हणजे पक्याच्या एका पावसाळ्यात ईगल्सचा एक अल्बम सहज खपत असणार. आणि आपण? आपल्याकडे मिळून शंभर-सव्वाशे कॅसेटी होत्या, सगळ्या फोर्टातल्या फुटपाथवरच्या, झेरॉक्सच्या पाकिटातल्या, निम्म्यांवर बॅंडचं नावही चुकीचं. त्यातली एकही कुठल्या कोटीत नाही. ऱ्हिदम हाउसमध्ये तासन् तास उभं राहून फुकट ऐकलं त्याचीही नोंद नाही. (ते 2016 ला बंद झालं तेव्हा मी तुला फोटो पाठवला, तू नुसता अंगठा पाठवलास. तो राग अजून आहे.) आपल्या सबंध गॅलरीत मोजली गेलेली एकच वस्तू असणार, तुझ्या दादाने दुबईहून आणलेली 'बॅक इन ब्लॅक'. अस्सल. म्हणून तर तू ती हातात देताना आधी मला हात धुवायला लावलेस.

ती अस्सल वस्तू अण्णांनी वापरली.

तेव्हा चाळीचे जुने मालक शेठ नव्या पावत्या करणार होते. सगळ्या भाडेकरूंची सभा आमच्याच खोलीत. शेठ एक बोलतात आणि दुसरं लिहितात, म्हणून अण्णा म्हणाले, सगळं टेप करायचं. माझ्या टेपरेकॉर्डरमध्ये होती ती कॅसेट उलटी केली, रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वर तोडलेली असतात त्या खाचांत कागदाचे बोळे कोंबले, लाल बटण दाबलं. मी कॉलेजातून येईतो बी साइड खलास. विचारलं तर म्हणाले, "ती घंटेची ना? घंटा दुसऱ्या बाजूला आहे, तिला मी हात लावला नाही." खरंच होतं ते, 'हेल्स बेल्स' शाबूत होतं. घंटा वाजली की आईसुद्धा आतून हात जोडायची, तेव्हा अण्णांनी तेवढी जपली.

तुला खरं सांगितलं असतं तर तू अण्णांना एक शब्द बोलला नसतास. तू हसला असतास. मग गॅलरीभर सांगत सुटला असतास, आणि सगळे हसले असते. त्या वयात ते मला सोसलं नसतं. म्हणून लोकल.

बरं, आता खरा घोळ. पावतीची गोष्ट निघाल्यावर मला ती सभा आठवली. वाटलं, शेठ त्या दिवशी दोन खोल्यांबद्दल काहीतरी बोलले होते, सापडलं तर पुरावा. तीन रात्री माळ्यावर काढल्या. कॅसेट मिळाली तर वाजवायला काही नाही. चोर बाजारातून एक डेक आणला, लॅमिंग्टन रोडवर एकाकडून त्याचा पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसून घेतलं. तो म्हणाला, "साहेब, टेप जुनी आहे, दोनदा-तीनदा चालेल, मग गुंता होईल तर मला बोलू नका." मी घरी एकटा असताना लावली.

सुरुवातीला अजून ती टिकटिक आहे, विन्या. गिटार सुरू होण्याआधीची. मी श्वास धरून बसलो आणि गिटारच्या जागी अण्णा आले. "हॅलो, हॅलो. वन टू थ्री." मग कुकरची शिट्टी, कुणाचं तरी मूल रडतंय, नळाला पाणी आल्याची बोंब. पाऊण बाजू नुसतं संडासाच्या दुरुस्तीवर भांडण. मग शेठ, अगदी स्वच्छ: "मास्तर, तुमच्या खोल्या दोन आहेत. पावत्या दोन करू का?"

आणि अण्णा म्हणतात, "दोन कशाला? बिऱ्हाड एकच आहे आमचं. पण..."

संपली. खट्. तुझ्या अल्बमची एक बाजू वीस-एकवीस मिनिटांची, तेवढ्यात अण्णांचं वाक्य बसलं नाही.

'पण' काय रे? रोज रात्री मी ते वाक्य पुरं करतो. पण मुलं दोन आहेत. पण पुढेमागे लागली तर वेगळी करून द्याल ना? की नुसतं, पण भाडं वाढवू नका? अण्णांचं काही सांगता येत नाही, तुला माहीतच आहे. कॅरमची सोंगटी काढतानासुद्धा अर्ध्यात थांबून ते म्युनिसिपालटीबद्दल बोलायला लागायचे.

नंदूला मी सांगितलेलं नाही. तो बदलापूरहून दर रविवारी येतो, जाऊन-येऊन चार तास, आणि दरवेळी विचारतो, "दादा, अण्णांनी कुठे काही लिहून ठेवलं होतं का?" मी नाही म्हणतो. खोटं नाही ते, लिहून काही ठेवलेलं नाहीच! दोन मोजले तर एक घर त्याचं, त्याची भाड्याची वणवण संपेल. एक मोजलं तर कागदावर मी आहे, राहतोय मी, आणि तो म्हणेल, राहू दे दादा, तुझंच आहे. तसा तो आहे. म्हणूनच तर झोप येत नाही. भांडला असता तर मीही भांडलो असतो.

हिचं मत, टेप नंदूला ऐकव, घरातल्या गोष्टी घरात. वकिलाला मी अजून काही बोललो नाही. त्याला सांगितलं की तो म्हणेल ठेवा कुलपात, किंवा म्हणेल वाजवा कमिटीपुढे, आणि ती डेकमध्ये अडकून तिथेच शेवया झाली तर? नंदूला ऐकवली आणि त्याने 'पण'च्या पुढचं ऐकलंच नाही, नुसतं 'बिऱ्हाड एकच' ऐकलं तर? तो अण्णांचा शब्द म्हणून हक्क सोडून मोकळा होईल, आणि मी जन्मभर त्या दोन मोऱ्यांच्या घरात राहीन. न ऐकवता दोन मोजायचं भांडण चालू ठेवलं तर अण्णांना खोटं पाडल्यासारखं. नियम पहिला आठवतो आणि पक्याचा चेहरा दिसतो.

तू ज्या शहरात राहतोस तिथे एसी/डीसीच्या नावाची गल्ली आहे म्हणे. जाऊन आलास का? नसशील. तुझा मामा मात्र 1972 साली कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये लेड झेपेलिनच्या पेज आणि प्लांटच्या समोर बसला होता! ते दोघे तिथे वाजवून गेले हे खरं, मी मानतो. पण तेवढ्याशा जागेत गिरगावातले इतके मामा मावले कसे, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुद्द्याचं एवढंच. कॅसेट तुझी आहे. बी साइडवर आमचं काहीही असलं तरी वस्तू तुझ्या दादाच्या पैशाची. तू म्हणालास परत पाठव, तर मी उद्या कुरिअर करतो, मेलबर्नला जाईल आणि इथल्या कुणाला ऐकायला मिळणार नाही. तू म्हणालास ठेव, तर मला ती नंदूपुढे लावावी लागेल. हे तुझ्या गळ्यात टाकतोय हे कळतंय मला. पण सायकल तेव्हा तू घेतली नाहीस, त्याला मी काय करू.

नंदू पुढच्या रविवारी अकराच्या सुमारास येतो. त्याआधी फोन कर, तिकडे किती वाजले असतील ते बघू नकोस.

तुझा,
सुध्या

ता. क. पक्याला यातलं काही बोलू नकोस. तो आधी हसेल आणि मग म्हणेल, ईगल्सची कॅसेट असती तर वाक्य पुरं झालं असतं.