आवाज तेवढा स्कॉटलंडचा लावलात, दादा

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत मी सुट्टीवरून दुबईला परतले, तर पबच्या काउंटरमागे दुसराच मुलगा. म्हणाला, 'वो तो गाँव चले गए मॅडम, हमेशा के लिए.' तीन वर्षं तुमच्यासमोरच्या स्टुलावर बसले, पण तुमचा नंबर घ्यायचं कधी सुचलं नाही. म्हणून हे असं चारचौघांत लिहिते आहे. सावंतवाडीकडच्या कुणाच्या तरी फोनवरून फिरत फिरत पोहोचेल तुमच्यापर्यंत.

तुम्हाला माहीत असलेलं थोडं इतरांसाठी सांगायला हवं. मी मूळची साताऱ्याची. २००९ साली शिकायला स्कॉटलंडमधल्या डंडीला गेले आणि तेरा वर्षं तिथेच राहिले. पासपोर्टही तिथलाच झाला. माझी घरमालकीण, सत्तरीची आजी, पहिल्याच हिवाळ्यात मला टॅनाडिसवर घेऊन गेली. तिचं म्हणणं, घरात हीटर लावण्यापेक्षा मैदानावर ओरडणं स्वस्त पडतं. टॅनाडिस हे डंडी युनायटेड या फुटबॉल क्लबचं मैदान. त्याच रस्त्यावर, चालत दोन मिनिटांवर, गावातल्या दुसऱ्या क्लबचं, डंडी एफसीचं, डेन्स पार्क. एका गल्लीतली दोन गणपती मंडळं म्हणा ना. २०१० च्या मे महिन्यात युनायटेडने रॉस काउंटीला ३-० हरवून स्कॉटिश कप जिंकला. मला वाटलं, हे दरवर्षीच होत असेल. २०१६ साली आम्ही खालच्या श्रेणीत घसरलो तेव्हा कळलं, आपण कुठे जीव अडकवून बसलोय ते.

२०२२ साली नोकरीसाठी दुबईला आले. वाटलं होतं, इथे स्कॉटिश माणूस जागोजागी आहे, मॅच बघायला जागेची काय वानवा? पहिल्या पबमध्ये सात स्क्रीन होते आणि सातही इंग्लंडच्या क्लबांचे. स्कॉटलंडची मॅच लावाल का विचारलं, तर तिथला माणूस माझ्याकडे बघून गोड हसला आणि त्याने क्रिकेट लावलं. दुसऱ्या ठिकाणी मला सांगितलं, लेडीज नाइट मंगळवारी असते. तिसऱ्या ठिकाणी खरोखरच स्कॉटिश लोक भेटले, पण सगळे ग्लासगोच्या सेल्टिक क्लबचे. माणसं लाख चांगली, मला शेजारी बसवून घेतलं. पण स्कॉटलंडबाहेर पबमध्ये जमणारा घोळका एकतर सेल्टिकचा, नाहीतर ग्लासगोच्याच रेंजर्सचा. १९८५ ते २०२५ या चाळीस वर्षांत स्कॉटलंडची लीग या दोघांशिवाय तिसऱ्या कुणी जिंकलेलीच नाही, मग तिसऱ्याला खुर्ची कोण राखून ठेवणार? शिवाय युनायटेडच्या पाठीराख्यांना तिकडे 'अरब' म्हणतात. १९६३ च्या कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या मैदानावर वाळू पसरून खेळले, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. दुबईत 'मी अरब आहे' हे कुणाला कसं समजावणार! एकदा प्रयत्न केला. पुन्हा नाही केला.

तुमच्या पबमध्ये आले ती योगायोगाने, अल बर्शात पार्किंग मिळालं म्हणून. कोपऱ्यातल्या छोट्या स्क्रीनवर, आवाज बंद करून, स्कॉटलंडची मॅच चालू होती. मी लाइम सोडा घेऊन उभ्याउभ्याच बघत होते. आमच्या पोराने समोर मोकळा गोल असताना बॉल मागे दिला आणि माझ्या तोंडून निघालं, 'आरं मार की, बघतोयस काय!' तुम्ही ग्लास पुसता पुसता थांबलात. 'साताऱ्याच्या काय?' एवढंच विचारलंत. मग स्क्रीनकडे बघून म्हणालात, 'तो मागे गेलो म्हणान बॉल गेलो.'

दादा, तेव्हापर्यंत मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता: पण तुम्ही स्कॉटलंडच्या कशा? दुबईतल्या मराठी लोकांनी विचारला, इंग्रजांनी विचारला, खुद्द स्कॉटिश लोकांनीही विचारला. तुम्ही तो आजतागायत विचारला नाहीत. तुम्ही विचारलंत, गोलकीपर असा पुढे का येऊन उभा राहतो. तुम्ही स्वतः गोव्याच्या हद्दीवरच्या गावात गोलकीपर होतात, हे मला सहा महिन्यांनी कळलं.

बाईमाणूस एकटी पबमध्ये बसली की काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही काउंटरच्या टोकाचं, भिंतीकडचं स्टूल मला दिलंत आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर रिकाम्या बाटल्यांचा क्रेट ठेवायला लागलात. तो क्रेट तिथे का असतो, हे मला फार उशिरा लक्षात आलं. गिऱ्हाइकं वाढली तरी तो हलला नाही.

आणि आवाज. पबमध्ये स्क्रीन कितीही असोत, आवाज एकाच मॅचचा असतो, आणि तो कुणाचा लावायचा यावरून हाणामारीची वेळ येते. गेल्या वर्षी १८ नोव्हेंबरला, मंगळवारी, ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर स्कॉटलंड विरुद्ध डेन्मार्क. डेन्मार्कला बरोबरी पुरणार होती, आम्हाला जिंकणं भाग होतं. जिंकलो तर १९९८ नंतर पहिल्यांदा वर्ल्डकपमध्ये प्रवेश. आपल्याकडे रात्री पावणेबाराला किक-ऑफ, सकाळी माझी ड्यूटी. मी आले तेव्हा तुम्ही मोठा स्क्रीन आणि आवाज दोन्ही आधीच तयार ठेवले होते. मधल्या टेबलावरच्या मंडळींनी कुरकुर केली, तर तुम्ही शांतपणे म्हणालात, 'टुडे बुक्ड, सर.' कुणी बुक केलं होतं? मी तर नव्हतं केलं!

तिसऱ्या मिनिटाला आमच्या मॅकटॉमिनेने हवेत उलटं होऊन मारलेली ती किक. मग डेन्मार्कची पेनल्टी. मग शँकलंडचा गोल. तो आमच्याकडे टॅनाडिसवर खेळून गेलेला, म्हणून मी घरचाच समजते. पुन्हा बरोबरी. कॅप्टन रॉबर्टसनही २०१३ साली आमच्याकडेच आलेला, तेव्हा अगदी पोरगेलेसा होता. जादा वेळेत टिअर्नीने तिसरा मारला तेव्हा मी तुमचा हात धरला होता, त्याबद्दल माफी. मॅक्लीनने मैदानाच्या मध्यावरून चौथा मारला तेव्हा तुम्हीच काउंटरवर थाप मारून ओरडलात आणि मधल्या टेबलावरचे ते कुरकुरणारेसुद्धा उभे राहिले. ४-२. मी रडत होते. तुम्ही पेपर नॅपकिनचा अख्खा गठ्ठा पुढे सरकवलात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलात. बिल मागितलं तर सोड्याचे पैसे त्यात नव्हतेच.

त्या रात्री दोन वाजता मी डंडीला फोन लावला. आजी आता नाही, तिच्या मुलीने उचलला. तिकडे नुसता गलका. तिने विचारलं, कुठे बघितलीस? मी म्हटलं, 'माझ्या पबमध्ये.' तेरा वर्षं तिकडे राहून कुठल्याच पबला मी 'माझा' म्हटलं नव्हतं.

नव्या मुलाला तुम्ही बहुतेक काहीतरी सांगून गेलात. स्टूल तिथेच आहे, शेजारचा क्रेटही. फक्त त्याला ऑफसाइड समजत नाही, शिकवते आहे.

वर्ल्डकपमधली स्कॉटलंडची पहिली मॅच हैतीबरोबर, बोस्टनला. तुमच्याकडे १४ जूनला सकाळी साडेसहा वाजलेले असतील. मिरगाचा पाऊस असेल, लाइट जायचा संभव आहे, तेव्हा फोन आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवा. आणि घरातले कितीही ओरडले तरी आवाज मोठा लावा.

तुमची,
टोकाच्या स्टुलावरची ताई