फंडिंगचं कौतुक पुरे, पहिलं बिल कोण देणार?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

हल्ली अधूनमधून बातमी असतेच, कोल्हापूरच्या पोरांच्या स्टार्टअपला इतक्या कोटींचं फंडिंग, बुके घेतलेला फोटो, आणि दुसऱ्या दिवशी चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स. कौतुक जरूर करा, पोरं आपलीच आहेत. पण फंडिंग म्हणजे कमाई नव्हे ओ, कंपनीतला हिस्सा विकून आलेला पैसा आहे तो, आणि किती हिस्सा गेला, कुठल्या अटीवर गेला हे बातमीत कधीच नसतं. तेवढं तरी विचारत चला.

शार्क टँक बघून टक्के आणि व्हॅल्युएशन आता घरोघरी कळतंय, पण खरी मेख पुढच्या पानावर असते. ओळखीतल्या एका पोराची टर्मशीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, बघितली. गुंतवणूकदार कंपनी 4 कोटींची धरून वर 1 कोटी घालणार आणि 20 टक्के घेणार, इथवर ठीक. खाली मात्र लिक्विडेशन प्रेफरन्स, तोही पार्टिसिपेटिंग! म्हणजे उद्या कंपनी 2 कोटींनाच विकायची वेळ आली तर तो आधी आपला 1 कोटी काढून घेणार, मग उरलेल्या कोटीतले पण 20 टक्के, झाले 1 कोटी 20 लाख, आणि रात्रीचा दिवस करणाऱ्या पोरांना 80 लाख. विचारलं तर म्हणतो, "स्टँडर्ड असतंय काका." नॉन-पार्टिसिपेटिंग मागता येतं, मग अशा वेळी गुंतवणूकदाराला कोटीवरच थांबावं लागतं, हे पोराला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुंतवणूकदाराला शिव्या घालत नाही, त्याचे बरेच पैसे बुडतात, तो अटी घालणारच. माझी तक्रार आपल्याच कारखानदारांवर आहे, आणि त्यात मी पण आलो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, एवढ्या फौंड्र्या, म्हणजे धातू ओतायचे कारखाने, आहेत, पोरं भट्टीचं टेंपरेचर आणि कास्टिंगचं रिजेक्शन मोबाईलवर दाखवणारं सॉफ्टवेअर घेऊन येतात. आपण चहा पाजतो, नाद खुळा म्हणतो, महिनोन्‌महिने फुकट ट्रायल घेतो, आणि चुकून ऑर्डर दिलीच तर बिल चार-चार महिने लटकवतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लहान पुरवठादाराला जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असं सरळ लिहिलंय, 1 एप्रिल 2024 पासून तर आयकरातही तसली थकबाकी, पैसे देईपर्यंत, खर्चात धरत नाहीत. तरी मार्चमध्ये सीए ओरडल्याशिवाय चेक काही निघत नाही. इकडे पगार तटलेला असतो, मग पोरगं पुण्याला जाऊन मिळेल त्या कागदावर सही करतंय.

उद्यमनगर फंडिंगवर नाही उभं राहिलं, शेजारच्या वर्कशॉपनं जॉबवर्क दिलं आणि लेथ फिरायला लागला. उद्योजकांच्या संघटनांनी एखादा डेमोचा कार्यक्रम असा ठेवावा की गुंतवणूकदार एकही नको, फक्त कारखान्यांची परचेसची माणसं बोलवा, आणि येताना चेकबुक आणायला सांगा.

आपला,
एक वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर