बोलवता खरं, पण ऐकायला येणार कोण?

संपादक साहेब, नमस्कार. संस्कृती आणि न्याय या विषयांवर विद्यापीठं व्याख्यानमाला ठेवतात, वेगवेगळ्या समाजांतले वक्ते बोलवतात, हे चांगलंच आहे, त्यात वादच नाही. आधी काय व्हायचं बघा ना, स्कॉटलंडच्या विद्यापीठांमधली धर्म-तत्त्वज्ञानावरची नावाजलेली गिफर्ड व्याख्यानं १८८८ मध्ये सुरू झाली आणि तिथं पहिली बाई बोलायला उभी राहिली ती थेट १९७३ साली, राजकीय विचारवंत हाना आरेंट, म्हणजे तब्बल ८५ वर्षं यांना एकही बाई सापडली नाही! हार्वर्डला २०१६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसन वंशभेदावर बोलल्या, स्वतः ते जगलेलं माणूस बोललं की फरक पडतोच.

पण एक खटकतं. ओळख करून देणाराच वीस मिनिटं खातो, शेवटी प्रश्नांना पाच मिनिटं उरतात आणि तीही माइक फिरवण्यात जातात. त्यात वेळ भर दुपारची, मग कामावर जाणारा माणूस येणार कसा, ज्यांच्या न्यायाबद्दल बोलायचं तेच हॉलच्या बाहेर. संध्याकाळी ठेवा की राव, निदान रेकॉर्डिंग तरी टाका, आणि पुढच्या रांगेतल्या राखीव खुर्च्या विद्यार्थ्यांना द्या, तशाही रिकाम्याच असतात.

— एक नेहमीचा श्रोता