शंभराव्या प्रयोगाचं काय?

नौपाडा, ठाणे
सोमवार

सुमे,

बीपी बरं, गोळी चालू. पुढे.

काल रात्री 'ओपनिंग नाइट' पाहिला. जॉन कॅसाव्हेटीसचा, १९७७चा. बंड्या कॉलेजपासून मागे लागला होता आणि आपण त्याला उडवून लावत होतो, तोच. जीना रोलँड्स त्यात मर्टल नावाची रंगभूमीवरची नटी आहे. न्यू हेवनला नव्या नाटकाचे प्रयोग चाललेत, शुभारंभ पुढे न्यूयॉर्कला. भूमिका वय उतरणीला लागलेल्या बाईची, आणि हिला ती सापडत नाही. सापडत नाही कसली, सापडून घ्यायचीच नाही! लेखिका वय विचारते, तर ही सांगत नाही. थोबाडीत खायच्या प्रसंगाला तालमीत कोसळते. (स्पर्धेच्या वेळी आपला तो मेला मला खरोखर मारायचा आणि तू म्हणायचीस, "टायमिंग तुझं चुकतंय." विसरलेली नाहीये मी.)

पण तिची खरी भीती ऐकून मी उठूनच बसले. भूमिका पडेल याची नाही गं. चांगली झाली तर? लोकांनी एकदा त्या वयाची म्हणून मान्य केलं की झालं, मागे फिरायची वाट बंद.

आता माझं ऐक. नवीन नाटक आलंय. नायिकेची सासू, वय साठ. मी सत्तेचाळीस. रोलँड्सचा जन्म १९३०चा, म्हणजे तीही तेव्हा माझ्याच आसपासची. दिग्दर्शक कोण, तर आपल्या बालनाट्य शिबिरात मांजर झालेला पोरगा. म्हणतो, "ताई, तुम्हाला विगसुद्धा लागणार नाही." कौतुकानं म्हणाला!

संहिता चांगली आहे, हेच दुखणं. दुसऱ्या अंकात सासूचं एक स्वगत आहे. टाळी कुठे पडणार ते वाचतानाच ऐकू आलं मला. वाईट असती तर 'तारखा नाहीत' सांगून मोकळी झाले असते.

मर्टल शुभारंभाला पिऊन येते. धड उभं राहता येत नाही, तरी शेवटच्या अंकात संहिता सोडून सहनटाबरोबर मनाला येईल ते खेळते, आणि लोक हसतात, खूश होतात. (सहनट म्हणजे स्वतः कॅसाव्हेटीस, तिचा खरा नवरा. घरचाच मामला.) रोलँड्सला १९७८ला बर्लिनचं अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते उगाच नाही. पण शेवट मला पटला नाही. बाई एका रात्रीपुरती सुटली. दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाचं काय? आपल्याकडे शनिवारी गडकरी रंगायतन, रविवारी दुपारी वाशीला भावे नाट्यगृह, रात्री परत ठाण्यात घाणेकर. तीच वाक्यं, तोच पदर. शंभराव्या प्रयोगापर्यंत माझी चाल घरीसुद्धा तशीच झाली तर? आणि मी पिऊन गेले असते तर मेकअपच्या काकांनीच रिक्षात कोंबून घरी धाडलं असतं.

तू म्हणशील, सोड. तू सोडलंस. तेव्हा मी तुला पळपुटी म्हणाले होते, ते अजून मागे घेतलेलं नाही. पण रात्री साडेआठला, तिसऱ्या घंटेच्या वेळी, तुझं काय होतं ते तू कधी बोलली नाहीस. ते लिही. बाकी कोणाला विचारू?

ओमचा निकाल लागला का? नाशिकच्या फ्लॅटची चावी मिळाली? सासूबाईंना नमस्कार. त्यांचं गुडघ्यावर हात ठेवून उठणं मी उचललंय, त्यांना सांगू नकोस.

निर्मात्याला शुक्रवारी कळवायचंय. दर प्रयोगाची नाइट किती मागू तेही सांग, सासूला नायिकेपेक्षा कमी देतात म्हणे.

तुझी,
नीलू