रविवारी ट्यूनर आणण्याआधी

मंडळी, येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला, नेहमीच्या जागी भेटतोय. आपापला जुना एफएम ट्यूनर आणा.

जपानहून आलेला सेट असेल तर आधी मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिलं असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो आपल्या २३० व्होल्टला लावू नका, कृपा करून. आतला ट्रान्सफॉर्मर जळला तर तसाच दुसरा मिळणं फार कठीण. शिवाय तिथल्या बाजारासाठी बनलेले जुने सेट ७६ ते ९० मेगाहर्ट्झच पकडतात, आपलं १००.७ चं एफएम गोल्ड आणि १०७.१ चं रेनबो त्यांच्या बाहेरच राहतं. चोरबाजारात देखणी डायल बघून पैसे मोजण्याआधी आकडे १०८ पर्यंत जातात ना, तेवढं पाहाच.

गँगवर, म्हणजे स्टेशन लावताना फिरणाऱ्या पात्यांच्या कपॅसिटरवर, धूळ असेल तर मऊ ब्रश फिरवा. स्प्रे नको. कॉइलच्या कोअरला तर हातच लावू नका, अलाइनमेंट, म्हणजे सेटची आतली जुळणी, बिघडते.

मीटरची सुई भरभरून सिग्नल दाखवते, तरी ‘स’ आणि ‘श’ फाटतात, अशी तक्रार बरेच जण करतात. मुंबईत याचं कारण बहुधा उंच इमारतींवर आपटून येणारा सिग्नल. दोन्ही बाजूंना साधारण ७५ सेंटिमीटर तार घेऊन डायपोल, म्हणजे दोन हातांची साधी अँटेना, करा, खिडकीशी धरून हळूहळू फिरवा. सुई थोडी उतरली तरी चालेल, आवाज कुठे स्वच्छ होतो ते कानांनी ठरवा. हे रविवारी करून दाखवणार आहोत, म्हणून तार आणि पक्कड सोबत असू द्या.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.