त्या 'ढग' शब्दाबद्दल, काका

काका,

हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल की नाही, ठाऊक नाही. तुमचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता, फोन तुमच्या मुलाकडे असायचा. गेल्या आठवड्यात सदाशिव पेठेतल्या आपल्या अभ्यासिकेत जाऊन आले. गेटवर तुमच्या जागी नवा वॉचमन बसलाय, पोरगाच, कानात इअरफोन घालून. "आधीचे काका एजन्सीनं बदलले," एवढंच म्हणाला. कुठे पाठवलं, गावी गेलात की मुलाकडे, काही सांगता आलं नाही त्याला. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. वाचणाऱ्यांपैकी कुणी तुम्हाला ओळखत असेल तर वाचून दाखवेल.

मी कोण, ते आधी सांगते. एमपीएससीच्या शंभर पोरी तुमच्यासमोरून जायच्या, नाव लक्षात असायचं कारण नाही. मी परभणीची. गच्चीवर सळई रोवणारी. मालकांनी जिला "ही गच्ची आहे, शेत नाही," म्हणून झापलं होतं, ती.

आपली ओळख झाली त्याला कारण माझा क्लास. नाव घेत नाही, घ्यायची लायकीही नाही त्याची. वडिलांनी सोयाबीन विकून फी भरली होती. तिथे भूगोलाचे सर एकदा फळ्यावर लंबवर्तुळ काढून म्हणाले, पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा. मी हात वर केला. म्हटलं, सर, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते ना, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर? आणि जुलैत सगळ्यात लांब, १५ कोटी २० लाखांवर? मग जानेवारीत थंडी कशी? सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही नासात जा." दीडशे पोरं हसली. मीही हसले. काय करणार?

त्याच्या थोडं आधी, २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या गर्दीत मी आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, जाऊन आले होते. तिथे फुकोचा लंबक आहे. १८५१ मध्ये पॅरिसमध्ये फुकोनं असाच लंबक टांगून पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे लोकांना डोळ्यांनी दाखवलं होतं. लंबक आपल्या दिशेत झुलत राहतो आणि खालची जमीन हळूहळू वळते. तिथल्या एका मुलानं सांगितलं, पुण्यात त्याचा पूर्ण फेरा व्हायला तीन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. पृथ्वी तर चोवीस तासांत फिरते, मग तीन दिवस का? हाही प्रश्न मी क्लासला विचारला होता. उत्तर आलं, "हे परीक्षेला येत नाही."

त्या संध्याकाळी चहा घेऊन तुमच्या खुर्चीशेजारच्या पायरीवर बसले होते. रडत नव्हते, पण तोंड पाहून तुम्ही विचारलंत, "काय झालं पोरी?" मी चिडून सगळं ओकून टाकलं, लंबकासकट. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, "तीन दिवस कायले लागते, ते मले नाही सांगता येत. सावलीचं सांगू शकतो."

पुण्यात येऊन मला दोन वर्षं झाली होती. "मला नाही सांगता येत" हे वाक्य तोवर कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. या गावात पत्ता विचारला तरी माणूस आधी हात दाखवतो, मग विचार करतो.

(तीन दिवसांचं कोडं नंतर मीच सोडवलं, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. ध्रुवावर उभं राहिलं तर जमीन पायाखाली जात्यासारखी फिरते, दिवसाला एक फेरा. विषुववृत्तावर ती आपल्याला सरळ पूर्वेकडे घेऊन पळते, पायाखाली वळत मात्र नाही. पुणे साडेअठरा अंशांवर, म्हणजे विषुववृत्ताच्या बाजूला झुकलेलं. म्हणून आपल्याकडे जातं फार हळू फिरतं.)

तुम्ही हिंगणघाटकडचे. तरुणपणी मोजणीवाल्यांबरोबर साखळी आणि झेंडे धरायला जायचात. ओळंबा कसा धरायचा, सळई सरळ उभी आहे हे दोन बाजूंनी कसं बघायचं, ते तुम्ही मला दाखवलंत. एकदा म्हणालात, "आमच्या गावाले एका साहेबाची कबर हाये, तो मद्रासपासून जमीन मोजत आला होता." मला वाटलं, गावातली गोष्ट असेल. नंतर वाचलं तर ते विल्यम लॅम्ब्टन निघाले. १८०२ मध्ये मद्रासजवळून मोजणी सुरू केली आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. जमिनीचे नकाशे तर त्यांना हवेच होते, पण पृथ्वीचा नेमका आकार किती गोल आणि किती चपटा, हेही त्या मोजणीतून काढायचं होतं. आणि मी दोन वर्षं वहीत लिहीत होते, 'पृथ्वीचा आकार जिऑइड आहे.' पुढे पूर्णविराम.

चपटेपणाचं सांगते, कारण त्यावरून मी तुम्हाला एकदा मोसंबी दाखवून बोअर केलं होतं. क्लासच्या नोट्समध्ये पृथ्वी इतकी दाबलेली काढली होती की कांदाच वाटावा. खरं तर विषुववृत्ताजवळचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवांमधला १२,७१४. फरक बेचाळीस किलोमीटरांच्या आसपास. फूटभर व्यासाच्या पृथ्वीगोलावर तो एक मिलिमीटर होतो. एव्हरेस्ट त्याच गोलावर जेमतेम ०.२ मिलिमीटर उंच, बोट फिरवलं तर लागणारही नाही. तुम्ही मोसंबी हातात घेऊन म्हणालात, "मंग तं हे जास्त खडबडीत हाये." आणि सोलून अर्धी मला दिलीत.

तर सावली.

२१ मार्चला आपण सुरुवात केली. मीटरभर लांबीची सळई वाळूच्या डब्यात, डब्याभोवती खडूची रेघ. मी बाराच्या ठोक्याला वर पळाले होते. तुम्ही खालूनच ओरडलात, "घाई करू नको, बारा वाजाले अजून येळ हाये!" घड्याळातले बारा आणि उन्हातले बारा वेगळे, हे मला तेव्हा कळलं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर चालतं. पुणे त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास, दर अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य आपल्याकडे सगळ्यात उंच यायला सरासरी पस्तीस मिनिटं उशीर. माझ्या परभणीत तीच दुपार पुण्याच्या साधारण बारा मिनिटं आधी होते. मी जन्मभर एकच बारा समजत होते.

त्या दिवशी सगळ्यात आखूड सावली साडेतेहतीस सेंटीमीटर भरली. त्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर असतो, म्हणून सावलीवरून काढलेला कोन म्हणजेच आपलं अक्षवृत्त. गणित केलं तर उत्तर साडेअठरा अंश. पुण्याचं अक्षवृत्त, एका सळईवरून! सदाशिव पेठेतल्या गच्चीवर, वाळत घातलेल्या गाद्यांच्या मध्ये! मी खाली येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही फक्त मान डोलावलीत. तुम्हाला त्यात नवल वाटलं नाही, हे मला जरा लागलंच होतं.

मग रोज. रंगाऱ्यानं टाकून दिलेल्या लाल ऑइलपेंटचा डबा तुम्ही शोधून दिलात. सावलीच्या टोकाला एक ठिपका, बाजूला तारीख. ठिपके सळईकडे सरकत होते, एप्रिलमध्ये दिवसाला अर्ध्या सेंटीमीटरहून जरासे जास्त. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, हे वाक्य मी पाचवीपासून पाठ म्हणत आलेय. तो कल पहिल्यांदा पाहिला तो त्या ठिपक्यांच्या रांगेत. सूर्य जवळ येतोय म्हणून ऊन चढत नव्हतं. पुणे त्याच्यासमोर जास्त सरळ येत होतं, दिवस मोठा होत होता, आणि इकडे पृथ्वी सूर्यापासून रोज थोडी लांबच चालली होती.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ते.

१६ एप्रिलच्या रात्री घरून फोन आला. वडिलांना दवाखान्यात नेलं होतं. मी मिळेल त्या गाडीनं परभणीला गेले, चार दिवस तिथेच. वडील सुधारले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सळई, सावली, काही डोक्यात नव्हतं. येताना गाडीत आठवलं, रांग तुटली. एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटलं याचीच लाज वाटली.

२१ तारखेला वर गेले तर ठिपके होते. १७, १८, २०. तुमचं अक्षर, जाड, मोडीसारखं वळणदार. गुडघे दुखत असताना तीन मजले चढून, भर उन्हात, घड्याळात साडेबारा कधी होतात याची वाट बघून तुम्ही ते काढले होते. मी सांगितलं नव्हतं. मी कुठे गेलेय हेसुद्धा तुम्हाला माझ्या रूममेटकडून कळलं होतं.

आणि १८ आणि २०च्या मध्ये ठिपका नव्हता. तिथे लहान अक्षरात लिहिलं होतं, '१९ ढग'.

मी त्या शब्दाकडे किती वेळ बघत बसले असेन, सांगता येत नाही. खाली येऊन विचारलं, "काका, दोन्हीच्या मधोमध काढला असता तरी चाललं असतं की." खरंच चाललं असतं. अठराचा आणि विसाचा ठिपका समोर होता. मध्ये बोट टेकवलं असतं तरी मिलिमीटरभरसुद्धा चूक झाली नसती, आणि कुणाला कधी कळलंही नसतं. तुम्ही बिडी विझवत म्हणालात, "त्या दिवशी सावलीच नव्हती. तं खूण कशाची करू?"

काका, मी त्या आधी दोन वर्षांत काय काय ऐकलं होतं! कटऑफ किती लागणार, हे छातीठोक सांगणारे. 'हमखास येणारे पाचशे प्रश्न' विकणारे. चुकीचं शिकवून वर पोरीलाच हसणारे. त्यांच्या एकाच्याही वहीत कधी 'ढग' नव्हता. त्यांच्याकडे रोज लख्ख ऊन असायचं.

तेव्हापासून मला अशी माणसं दिसायला लागलीत. मेसच्या काकू ताट वाढताना स्वतःहून सांगायच्या, "वांगी सकाळची आहेत, नको असेल तर पिठलं टाकते." एक रिक्षावाले दादा स्वारगेटहून निघाल्यावर पाचच मिनिटांत म्हणाले, "ताई, मला तो बोळ माहीत नाही, तुम्हीच सांगा." जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आमच्या बाई नकाशा काढताना चुकल्या की मुलांसमोर खोडायच्या. ही माणसं आधीही होतीच की. मी क्लासच्या सरांकडे बघत बसले होते.

१३ मेला आपण दोघं वर होतो, आठवतंय? बारा एकतीसला सळईची सावली सळईच्या बुडाशी शिरली. तुम्ही तुमची पाण्याची बाटली उभी ठेवलीत, तिचीही नाहीशी झाली. मग स्वतः ताठ उभे राहून पायाशी बघितलंत आणि खळखळून हसलात. एवढं हसताना मी तुम्हाला त्याआधी पाहिलं नव्हतं. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेकडून जातं, त्यामुळे आपल्या राज्यात हा दिवस, सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली नाहीशी होण्याचा, सगळ्यांच्या वाट्याला वर्षातून दोनदा येतो. पुण्याचा दुसरा जुलैच्या अखेरीस, म्हणजे बहुधा पावसात. "तवा ढगच लिवावं लागन," तुम्ही म्हणालात.

एमपीएससी मी सोडली. दोनदा पूर्व परीक्षेतच बाद झाले, तिसऱ्यांदा फॉर्म भरलाच नाही. कोथरूडला एका बाईंच्या घरी सातवी-आठवीच्या नऊ मुलांना भूगोल आणि गणित शिकवते. यंदा १३ मेला त्यांना गच्चीवर नेलं होतं. एकाला घरी जायची घाई होती, दोघींना ऊन लागलं, बाकीचे सावली सोडून एकमेकांच्या बाटल्या लपवत होते. एक मुलगी मात्र विचारत होती, "ताई, आपण एवढ्या वेगानं फिरतो, मग कळत का नाही?" पुण्याच्या अक्षवृत्तावर ताशी सुमारे १,५८० किलोमीटर. तिला आर्यभटांचा नावेचा दाखला दिला. नावेत बसून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या वस्तू मागे जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हे त्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तिला ते पटलं. पण पुढे म्हणाली, "नाव हलते तरी. पृथ्वी हलत पण नाही." त्यावर मी बोलायला तोंड उघडलं आणि थांबले. "उद्या सांगते, आज मला नीट सांगता येणार नाही," म्हटलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. वेग एकसारखा असला की अंगाला जाणवत नाही, जाणवतो तो बदल, हे एसटीच्या ब्रेकचं उदाहरण देऊन.

अभ्यासिकेची गच्ची बघितली. वॉटरप्रूफिंग केलंय, सगळीकडे पांढरा रंग. ठिपके गेले, तारखा गेल्या, १९चा ढगही गेला. फोटो काढून ठेवायचं मला त्या वेळी सुचलं नाही.

सळई माझ्याकडे आहे. तुमचा ओळंबाही माझ्याकडेच राहिलाय, पितळी, दोरीला लाल गाठ मारलेला. तो मोजणीच्या काळातला आहे, असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मी दोन दिवसांसाठी म्हणून घेतला होता. कुठे आहात ते कळवा काका. पुण्यात असाल तर येत्या रविवारी, हिंगणघाटला असाल तर दिवाळीच्या सुट्टीत, मी आणून देते.

तुमची,
गच्चीवरची पोरगी